मेहुण्यांची फायरवॉल

आमच्या घरचं इंटरनेट हळू चालतं, ही गोष्ट मला इंटरनेटनं कळवली नाही, साहेबांनी कळवली. मंगळवारची ऑनलाइन मीटिंग संपता संपता ते सगळ्यांसमोर, अगदी कळवळ्यानं म्हणाले, "तुम्ही हल्ली जरा सावकाश झाला आहात. प्रकृती बरी आहे ना?"

मी विमा कंपनीच्या दावे विभागात आहे. कंपनीनं आमचा मजला रिकामा केला, हातात एकेक लॅपटॉप दिला आणि आता घरूनच काम करा म्हणून सांगितलं. त्याच सुमारास आमचे विभागप्रमुख निवृत्त व्हायला आले होते, आणि त्यांच्या खुर्चीवर मी बसणार हे विभागात सगळेच गृहीत धरून होते. म्हणजे मी गृहीत धरून होतो आणि बाकीचे काही बोलत नव्हते.

सावकाश मी नव्हतो, माझा आवाज होता. मी बोललेलं वाक्य तिकडे पोचेपर्यंत तिकडचा विषय बदललेला असायचा. साहेबांनी विचारलं, "आगीचे ते दोन दावे कुठवर आले?" मी ताबडतोब उत्तर दिलं. मधल्या वेळात कोणीतरी साहेबांच्या सासूसासऱ्यांची चौकशी केली, दोघंही इस्पितळात आहेत असं साहेब जड आवाजात म्हणाले, सगळे गप्प झाले, आणि त्या शांततेत माझा उत्साही आवाज पोचला, "दोन्ही निकालात काढले साहेब! आता काही शिल्लक नाही."

शिवाय चित्र अडकायचं, आणि ते अडकलं की तिकडचं मला काही ऐकू येत नसे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. माणसाचा चेहरा अडकायचाच असेल तर निदान बऱ्या क्षणी अडकावा. माझा नेमका तोंड अर्धं उघडं आणि एक डोळा अर्धा मिटलेला असताना अडके. आमच्या विभागात एक तरुण गृहस्थ आहेत. घरी बसूनही टाय लावतात, म्हणून त्यांना मी मनातल्या मनात टायवाला म्हणतो. त्यांनी त्या चेहऱ्याचा फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'चिंतन.' साहेबांनी त्यावर अंगठा दाखवला. विभागप्रमुखांनीही दाखवला. वर्षानुवर्षं ज्यांच्या डब्यात माझा डबा मिसळला, त्यांनी.

मी कंपनीला फोन लावला. विम्याच्या नाही, इंटरनेटच्या. तिथल्या मुलीनं गोड आवाजात मॉडेम बंद करून चालू करायला सांगितलं. केला. मग म्हणाली, तक्रार फक्त वेबसाइटवर घेतली जाते. वेबसाइट उघडायला इंटरनेट लागतं आणि तक्रार नेमकी त्याचीच आहे, हे मी तिला तीन वेगवेगळ्या प्रकारे समजावलं. तिनं प्रत्येक वेळी गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त केली. शेवटी वेबसाइट लावली. चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं आणि पाटी आली, 'आपण बराच वेळ निष्क्रिय असल्यामुळे आपल्याला बाहेर काढण्यात आले आहे.' सासरी माझ्याबद्दल हाच शब्द वापरतात हे मला ठाऊक होतं. कंपनीपर्यंत तो कोणी पोचवला, कळलं नाही.

मोबाइलवरून का नाही, असं विचारणारा शहाणा भेटतोच, म्हणून सांगून टाकतो. आमच्या इमारतीत मोबाइलला रेंज फक्त जिन्याच्या वळणावर येते. मी एक मीटिंग तिथं बसूनही केली. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर लॅपटॉप, मागं कोळ्यांची जाळी. अर्ध्या मीटिंगला समोरच्या वहिनी आल्या आणि "पाय वर घ्या हं" म्हणत माझ्या भोवतीनं जिना झाडून गेल्या. साहेबांनी सगळं पाहिलं. "घरी काही वाद झालाय का?" एवढंच त्यांनी विचारलं.

मात्र त्याच पायरीवर बसून तक्रार एकदाची नोंदवली. संध्याकाळच्या आत उत्तर आलं, 'आपली तक्रार यशस्वीरीत्या बंद करण्यात आली आहे.'

आता सल्लागारांचा ओघ सुरू झाला. वरच्या मजल्यावर एक काका राहतात, टेलिफोन खात्यातून निवृत्त. त्यांनी आमच्या शोकेसवरचा राउटर लांबूनच पाहिला आणि मान हलवली. "अहो, इतका खाली? लहरी पाण्यासारख्या असतात. वरून खाली येतात. माळ्यावर ठेवा, बघा कसं धो धो येतं."

माळ्यावर वायर न्यायची तर भिंतीला भोक पाडायला हवं. काकांकडे ड्रिल होतं, आणि ते कोणीतरी मागावं म्हणून बिचारे कित्येक वर्षं वाट पाहत होते. त्यांनी भिंतीवर टकटक केली, कान लावला, पेन्सिलनं फुली मारली आणि "इथं काहीही नाही" असं खात्रीनं सांगितलं. मी ड्रिल लावलं. भिंतीतून आधी पांढरी भुकटी आली, मग लाल आली, मग ओली आली. आणि मग खरोखरच धो धो आलं.

काका घाईघाईनं त्यांचं ड्रिल पुसत वर गेले. मी भोकावर तळहात दाबून उभा राहिलो. बायको खाली पाणी बंद करायला धावली. तोवर आमच्या खालच्या घराच्या छताला डाग पडला होता, आणि खालच्या घरात इमारतीचे सेक्रेटरी राहतात. ते वर आले ते हातात कागद घेऊनच. मला वाटतं, असे कागद ते तयारच ठेवत असावेत. भोक पाडण्याची लेखी परवानगी घेतली होती का? नव्हती? मग ती आता मागच्या तारखेनं मागता येणार नाही, आणि ती नसल्यामुळे भोक बुजवायची परवानगीही देता येणार नाही, कारण समितीच्या दृष्टीनं भोक पडलेलंच नाही.

"मग तुमच्या छताला डाग कशाचा?" मी विचारलं.

"त्याची वेगळी नोटीस येईल," ते म्हणाले.

वायर शेवटी दारावरून फिरवून राउटर माळ्यावर चढवला. समोरच्या वहिनींनी दुसऱ्याच दिवशी दारात उभं राहून जाहीर केलं की आमचा राउटर माळ्यावर गेल्यापासून त्यांचं इंटरनेट हळू झालं आहे. "तुम्ही आमच्याकडचा स्पीड ओढताय." मी म्हटलं, वहिनी, स्पीड म्हणजे विहिरीचं पाणी नव्हे. त्यावर त्यांनी आमच्या भिंतीतून अजून ठिबकणाऱ्या पाण्याकडे नुसतं पाहिलं. शिकलेल्या माणसाला निरुत्तर करायला इतकं पुरतं.

अखेर कंपनीचा तंत्रज्ञ आला. त्यानं माळ्यावरचा राउटर पाहिला, भोक पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शोकेसवरच्या क्रोशाच्या रुमालाकडे बोट दाखवून विचारलं, "ह्याच्याखाली काय घरघरतंय?"

आता मला दादांबद्दल सांगणं भाग आहे.

दादा म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. एका मोठ्या कंपनीत संगणकांची सुरक्षा बघतात. माणूस बोलायला लागला की आपलं घर म्हणजे चव्हाट्यावर पडलेली उघडी तिजोरी आहे असं वाटू लागतं. काही महिन्यांपूर्वी बायकोनं मोबाइलवर आलेल्या कुठल्याशा बक्षिसाच्या लिंकवर बोट ठेवलं. झालं काहीच नाही, पण तिनं ते भावाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दादा एक काळा, जड, पंखा असलेला डबा काखेत घेऊन हजर. "भाऊजी, ही फायरवॉल. हा तुमच्या घराचा दरवान. बाहेरून येणारी प्रत्येक गोष्ट हा आधी उघडून बघणार आणि मगच आत सोडणार." रस्त्यावरून आलेली लाइन त्यांनी डब्यात घातली आणि डब्यातून राउटरला दिली. डबा केस वाळवायच्या यंत्रासारखा आवाज करत तापू लागला. बायकोनं त्यावर क्रोशाचा रुमाल घातला. माहेरच्या वस्तूला आमच्या घरात उघडं ठेवत नाहीत.

तंत्रज्ञानं लाइन डब्यातून उपसून सरळ आपल्या लॅपटॉपला लावली. पडद्यावरचा काटा झपकन टोकाला गेला. पुन्हा डब्यामागून लावली. काटा जागचा हलेना.

"साहेब, आमची लाइन एकदम ओके. डब्याच्या मागं काय चालतं ते आमच्यात येत नाही," तो म्हणाला, आणि जाताना पाच तारे द्यायची आठवण करून गेला.

मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "दादाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही."

दादांना विचारलं. दादा आले, सोफ्यावर बसले, चहा घेतला, आणि तंत्रज्ञानं केलेल्या प्रयोगाची हकिकत शांतपणे ऐकून घेतली.

"भाऊजी, दार सताड उघडं ठेवलं की कोणीही धावतच आत येणार. चोरसुद्धा. याला वेग म्हणायचं?"

"पण दादा, माझी मीटिंग..."

"वेग हवा की सुरक्षितता हवी, हे माणसानं एकदा ठरवावं."

"दोन्ही नाही मिळत?"

दादा बहिणीकडे बघून हसले. लहान मूल चंद्र मागतं तेव्हा मोठी माणसं हसतात तसं. मग त्यांनी लॅपटॉप उघडून डब्याची 'सेटिंग सुधारली'. सुधारणा अशी झाली की दुसऱ्या दिवशी बायकोचे शिवणाचे व्हिडिओ बंद पडले, आणि माझ्या ऑफिसची वेबसाइट उघडायला गेलो तर लाल पाटी आली, 'जुगार. या घरात परवानगी नाही.' एवढ्या वर्षांच्या नोकरीत आमच्या धंद्याचं इतकं अचूक वर्णन मी पाहिलं नव्हतं. पण पगार तिथूनच येत असल्यामुळे कौतुक करता येईना. दादा फोनवर म्हणाले, "कडकपणा कामाला लागला म्हणायचा!" आणि मोठ्या मनानं तेवढी एक बंदी उठवली. वेग होता तिथंच राहिला.

मी या काळात मीटिंगला काय काय केलं, ते सांगायला लाज वाटते. आधी लिहून पाठवायचा प्रयत्न केला. लेखी उत्तरंही शिळी होऊन पोचू लागली. मग प्रश्न ओळखून आधीच उत्तर देऊन ठेवायला लागलो. साहेबांनी तोंड उघडायच्या आत मी "हो साहेब, आजच करतो" म्हणून मोकळा. एकदा ते म्हणत होते की विभागात कोणाला स्वेच्छानिवृत्ती घ्यायची असेल तर विचार करावा.

डब्याचा खरा इतिहास कळला तो दादांच्याच बायकोकडून. पुढच्या मंगळवारी मीटिंगमध्ये नव्या विभागप्रमुखाचं नाव जाहीर होणार होतं. त्याच्या आदल्या दिवशी या वहिनींचा फोन आला. बायको पोळपाट धूत होती, म्हणून तिनं फोन स्पीकरवर टाकला.

"तो डबा अजून चालतोय?" वहिनी आश्चर्यानं म्हणाल्या. "अगं, यांच्या ऑफिसनं भंगारात काढला होता तो. हे घेऊन आले घरी. आठवडाभर ठेवला आमच्याकडे. नेट इतकं हळू झालं की मी म्हटलं, एक तर हा घरात राहील नाहीतर मी. तेव्हा कुठं उचलला."

नळाचं पाणी वाहत राहिलं. मी दारात उभा होतो. आता ही काय बोलते, इकडे माझे कान लागले होते. इतक्या दिवसांचा माझा अपमान, भिंतीचं भोक, सेक्रेटरींच्या दोन नोटिसा, सगळ्याचा निकाल आता माझ्या बाजूनं लागणार होता.

फोन ठेवून बायको हात पुसत म्हणाली, "बघा. स्वतःच्या घरातला काढून आपल्याला दिला दादानं. याला मन लागतं."

मी आत जाऊन दुसऱ्या दिवसासाठी शर्ट इस्त्रीला काढला.

मंगळवारी सकाळी बायको बाजारात गेली. दार बंद झाल्याचा आवाज आला तसा मी उठलो, रुमालाची घडी घालून ठेवली, डब्यातून लाइन काढली, माळ्यावरून राउटर उतरवला आणि त्याला सरळ जोडली. डब्याचा पंखा बंद केला. घरात एकदम इतकी शांतता झाली की मला चोरी केल्यासारखं वाटलं. दाढी केलेली होतीच. मी शर्टावर टायसुद्धा लावला.

मीटिंगचं बटण दाबलं आणि क्षणात सगळे समोर. स्वच्छ चेहरे, खणखणीत आवाज. साहेबांच्या मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातले आकडे वाचता येत होते. मी नमस्कार करायला तोंड उघडलं.

"आली का आपली बैलगाडी?" साहेब म्हणाले.

"चित्र आलंय साहेब," टायवाला म्हणाला. "माणूस यायला वेळ आहे. तोंड बघा ना."

सगळे हसले. माझं तोंड उघडंच राहिलं होतं, आश्चर्यानं. ते मिटावं की नाही, हे मला ठरवता आलं नाही. आणि ते ठरेपर्यंत त्यांचं बोलणं पुढं गेलं.

"आज त्यांना जरा वाईट वाटणार," टायवाला म्हणाला. "नेटमुळे मागं पडलो असं म्हणत फिरतील."

"फिरू द्या ना. बरं कारण मिळालं," साहेब म्हणाले. "तुमचं नाव मी मजला सोडायच्या आधीच वर कळवलं होतं. ह्यांना काय सांगायचं, तेवढाच प्रश्न होता. आता 'तांत्रिक अडचणी' म्हणता येईल."

मग विभागप्रमुख बोलले. माझ्या डब्यातली भाजी ज्यांना आवडायची ते. "माणूस चांगला आहे हो," ते म्हणाले. "पण काही माणसं हाताखालीच शोभतात."

यात राग नव्हता, द्वेष नव्हता. हवापाण्यावर बोलावं तसे ते बोलले. मी हललो नाही. हललो असतो तर काहीतरी बोलावं लागलं असतं, आणि काय बोलायचं असतं अशा वेळी? तोंड अर्धं उघडं, एक डोळा अर्धा मिटलेला, असा मी माझ्याच फोटोसारखा बसून राहिलो. इतक्या मंगळवारांच्या सवयीनं ते जमलंही. पडद्यावर त्यांचं चहापाण्याचं बोलणं सुरू झालं. मान अवघडली. डोळ्यात पाणी आलं, ते न मिटल्यामुळे आलं असं मी समजतो.

आणि तेवढ्यात एक माशी आली. आधी टायवर बसली, मग हनुवटीवर, मग निवांतपणे नाकाच्या शेंड्यावर येऊन चालू लागली. जगातल्या कुठल्याही विमा योजनेत या प्रसंगाची तरतूद नाही.

"साहेब," टायवाला एकदम म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "यांच्या नाकावर माशी चालतेय."

"मग?"

"चित्र अडकलंय तर माशी कशी चालते?"

सगळे चौकोन एकाच वेळी गोठले. इंटरनेट मात्र कोणाचंच अडकलं नव्हतं. साहेबांचा कप ओठांपाशी राहिला होता. विभागप्रमुख खाली बघून आपल्या टेबलावर काहीतरी शोधत होते.

मी माशी उडवली. "नमस्कार," मी म्हटलं. "आवाज येतोय का माझा? मी आत्ताच आलो."

"येतोय, येतोय!" सगळे एका सुरात ओरडले. इतक्या प्रेमानं या लोकांनी माझं स्वागत कधीच केलं नव्हतं. साहेबांनी माझ्या टायची स्तुती केली. मग घसा खाकरून नव्या विभागप्रमुखांचं नाव जाहीर केलं. 'तांत्रिक अडचणी' हे शब्द त्यांच्या तोंडापर्यंत आले होते, मला दिसले. पण ते त्यांनी गिळले आणि नुसतं "वरून निर्णय आला" म्हणाले. माझी पाळी आली तेव्हा मी थोडा थांबलो. विषय बदलण्याइतका नाही, पण पूर्वीच्या सवयीइतका. मग म्हणालो, "अभिनंदन." टायवाल्यानं खाली बघत आभार मानले.

बायको बाजारातून आली तेव्हा डबा शांत होता आणि मीही. तिनं आधी रुमालाची घडी पाहिली, मग माझा टाय.

"मिळाली?"

"नाही."

ती पिशवी ठेवून आत गेली, आणि थोड्या वेळानं आतून तिचा भावाशी बोलण्याचा दबका आवाज ऐकू आला.

रविवारी दादा आले. त्यांनी थंड डब्यावर हात फिरवला, जसा वारलेल्या माणसाच्या कपाळावर फिरवतात. "भाऊजी, मी सांगत होतो ना. घराची सुरक्षा ज्याला सांभाळता येत नाही, त्याच्या हातात कोणती कंपनी विभाग देईल? त्यांना लगेच कळतं हो, कोण उघड्यावर आहे ते." बायको माझ्याकडे अपेक्षेनं बघत होती. ती दादांच्या बाजूनं नव्हती त्या वेळी. मी भांडावं असं तिला वाटत होतं. वहिनींचं ते बोलणं, भंगार, आठवडाभर, सगळं माझ्या जिभेवर होतं.

पण दादांना खोटं पाडायचं म्हणजे खरं काय ते सांगावं लागलं असतं. नाव आधीच ठरलं होतं, डबा असता तरी आणि नसता तरी, हे सांगावं लागलं असतं. ते कसं कळलं, हेही. हाताखाली शोभणारा माणूस, हे शब्द माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच तोंडानं उच्चारावे लागले असते, आणि मग ते घरात राहायला आले असते.

"खरं आहे दादा," मी म्हणालो. "मी डबा काढायला नको होता."

दादा प्रसन्न झाले. आता बायकोच्या माहेरी ही गोष्ट सांगितली जाते. घाई केली, फायरवॉल काढली, आणि हातातोंडाशी आलेली बढती गेली. सांगताना ते थोडं हसतात आणि माझ्याकडे बघतात. मी मान हलवतो. 'हातातोंडाशी आलेली' म्हणतात, ते ऐकायला बरं वाटतं.